कुत्र्याला आंबा द्या, पण कोयी मोजून ठेवा

एप्रिल उजाडला की ज्यांच्या ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्या सगळ्या मैत्रिणींचा मला एकच मेसेज येतो, "अगं ह्याने आंब्याची फोड खाल्ली, काही होणार नाही ना?" आणि दोन तासांनी दुसरा, "आता पेटीपाशीच बसलाय, अजून देऊ का?" दरवर्षी प्रत्येकीला वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर, पाळून अकरा वर्षं झाली आणि त्यातली बरीच शिकवणी व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांच्या, बिलांमधून झालीये.

तर आधी सरळ उत्तर. पिकलेल्या आंब्याचा गर कुत्र्याला चालतो, विषारी नाही. हापूस, पायरी, केसर, रायवळ, कुठलाही. निरोगी कुत्र्याने दोन-चार फोडी खाल्ल्या म्हणून रात्री गुगल करत जागायची काही गरज नाहीये. प्रॉब्लेम गराचा नाहीच, प्रॉब्लेम आहे तो कोयीचा, कोकणातले लोक बाठा म्हणतात तो. आणि आंबा म्हटलं की सगळे साखर-साखर करत बसतात, आणि कोय मात्र कुणीतरी प्रेमाने "चोख रे बाळा" म्हणून त्याच्या तोंडात देतं.

आमच्याकडे असंच झालं, म्हणजे थोडं वेगळं झालं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातला रविवार, ठाण्यातला उकाडा, आमरस-पुरीचा बेत, सासूबाईंनी ओट्यापाशी बसून पायरीचा रस काढला, साली-बाठे ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकले, जेवणं झाली आणि घर गार पडलं, सगळे आडवे. आमचा लॅब, बंड्या, तेव्हा एकतीस किलोचा होता. संध्याकाळी उठून बघितलं तर बादली उभीच होती, फक्त झाकण बाजूला, दोन साली फरशीवर. मी बंड्याला ओरडले, फरशी पुसली, विषय संपला. सोमवारी तो नेहमीसारखा जेवला. मंगळवारी पहाटे उलटी झाली, मग परत, मग पाणी प्यायला की पाणी बाहेर, आणि दुपारी त्याने पोळी नाकारली. लॅबने पोळी नाकारली म्हणजे काय ते लॅबवाल्यांना सांगायला नको.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं तर तो कळवळला. एक्स-रे काढला, त्यात कोय अशी दिसलीच नाही, नुसती आतड्यात गॅस साठून फुगलेली वेटोळी दिसली. हे लक्षात ठेवा, कारण हाड किंवा नाणं जसं एक्स-रेमध्ये पांढरं फटक दिसतं तशी कोय दिसेलच असं नाही, आणि "एक्स-रे क्लिअर आहे" म्हणून लोक घरी येतात. आमच्याकडे सोनोग्राफीत सापडली. रात्री ऑपरेशन. बाहेर आलेली कोय डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवून दाखवली, सगळ्या शिरा निघून गेलेल्या, काळपट, वापरून वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. पुढचे दहा दिवस गळ्यात तो प्लास्टिकचा कोन घालून बंड्या घरभर दारांना धडकत फिरत होता. बिल सांगत नाही, पण त्या पैशात देवगडहून पेट्या आल्या असत्या, एक नाही, बऱ्याच.

का अडकते ते बघा, साधं गणित आहे. चांगल्या आंब्याची कोय सात-आठ सेंटीमीटर लांब, तीन-चार रुंद. मोठ्या कुत्र्याच्या घशातून ती जाते कारण घसा ताणतो, पोटातही मजेत राहते, पण पुढे लहान आतडं येतं, मध्यम आकाराच्या कुत्र्याचं ते जेमतेम आपल्या अंगठ्याएवढं जाड असतं, तिथे ही बाई कशी वळणार. पोटातल्या आम्लाने कोय विरघळत पण नाही. कधी कधी ती पोटातच दिवसेंदिवस पडून राहते, कुत्रा अधूनमधून उलटी करतो, मग नीट जेवतो, आपल्याला वाटतं ॲसिडिटी असेल, आणि एक दिवस ती पुढे सरकते आणि रस्ता बंद. म्हणून आंब्याच्या सीझनमध्ये किंवा त्यानंतर महिनाभर कुत्र्याच्या उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की घरात आंबे होते, ते विचारतीलच असं धरून चालू नका. लहान जातींमध्ये तर कोय घशातच बसू शकते, मग तो श्वासाचा प्रकार होतो आणि वेळच मिळत नाही.

आता ज्या गोष्टीवरून माझ्या घरात सगळे हसतात ती सांगते, मी कोयी मोजते. खरंच. अकरा आंबे पिळले तर अकरा कोयी एका पातेल्यात, त्या पिशवीत बांधून गाठ मारून लगेच खाली. नुसतं झाकण ठेवून उपयोग नाही, पायाने दाबून उघडणारी बादली बंड्याने चार दिवसांत शिकून घेतली होती. त्या रविवारी कोयी मोजल्या असत्या तर एक कमी आहे हे संध्याकाळीच कळलं असतं, आणि कोय पोटात असेपर्यंत बऱ्याचदा तोंडातून दुर्बीण घालून काढता येते, पोट फाडावं लागत नाही. तेवढ्यासाठी लोक हसले तरी चालेल. कुंडीत रुजवायच्या म्हणून गॅलरीत वाळत टाकलेल्या कोयी पण ह्यातच धरा, आमच्या शेजारी तेच झालं होतं, नशीब त्यांच्या बीगलने नुसती कुरतडली.

घरातल्या मोठ्या माणसांचं काय करायचं हा वेगळाच विषय आहे.

"आई, त्याला कोय नका ना देऊ."

"अगं देत कुठे आहे, मी हातात धरलीये, नुसती चाटतोय बिचारा."

आता हातात धरलीये हे खरं, पण रसाने बरबटलेली कोय आणि लॅबचं तोंड, ती कधी सटकेल पत्ता लागत नाही. यावर मी भांडून बघितलं, उपयोग शून्य. मग मीच त्याचा वाटा आधी कापून एका वाटीत काढून सासूबाईंच्या हातात द्यायला लागले, "आई, हे तुम्ही भरवा त्याला." त्यांना भरवण्यात आनंद होता, कोयीत नाही. तेव्हापासून शांतता.

वाटा कसा काढायचा? आंबा आधी धुऊन अर्धा-एक तास पाण्यात ठेवा, आपण आपल्यासाठी ठेवतो तसाच. देठाकडचा भाग कापून टाका, चीक तिथेच असतो. मग साल पूर्ण काढा. साल थोडी पोटात गेली तर काही होत नाही, पण ती चिवट असते, नीट पचत नाही, आणि औषधफवारणी वगैरे जे काही असेल ते सालीवरच. शिवाय आंबा, काजू, बिब्बा ही सगळी एकाच कुळातली मंडळी, बिब्बा उततो तसा काहींना आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती त्रास होतो, माणसांना होतो तसा एखाद्या कुत्र्यालाही होऊ शकतो. साल काढली की कोयीच्या दोन्ही बाजूंचे काप काढा, कोय लगेच पातेल्यात, आणि कापांचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. पॉमेरेनियन, शिट्झू, पग असले तर अजून बारीक, वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, कारण पग चावत नाही, तो ओढून घेतो. आंबा विकतचा असेल आणि बाहेरून पिवळाधमक, आतून आंबट, वास नाही, तर कुत्र्याला राहू दे, स्वतः पण खाऊ नका, कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे पण बाजारात काय चालतं ते सगळ्यांना माहितीये.

पहिल्यांदाच देत असाल तर एक तुकडा. एकच. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. शी पातळ झाली, अंगाला खाज सुटली, तोंड घासत बसला, तर त्याला आंबा मानवत नाही, जगात गाजर आहे, काकडी आहे.

किती द्यायचा ह्याचा हिशेब एकदा करून ठेवा म्हणजे दरवेळी विचार नको. कुत्र्याच्या रोजच्या कॅलरीपैकी दहा टक्क्यांच्या वर खाऊ जाऊ नये असा व्हेट लोकांचा साधारण नियम आहे. दहा किलोच्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला 60. शंभर ग्रॅम आंब्यात साधारण 60 कॅलरी आणि चौदा ग्रॅमच्या आसपास साखर. म्हणजे 100 ग्रॅम दिला की दिवसभराचा कोटा संपला, आणि आपण तर सकाळी बिस्कीट दिलेलं असतं, चहाबरोबर टोस्टचा तुकडा दिलेला असतो, मुलाने टेबलाखालून पोळी सरकवलेली असते. म्हणून मी अर्धंच धरते, दहा किलोच्या कुत्र्याला 50 ग्रॅम, म्हणजे सहा-सात तुकडे, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. चार-पाच किलोच्या जीवाला दोन-तीन तुकडे बास. लॅबवाल्यांनी "आमचा मोठा आहे, त्याला अख्खा हापूस चालतो" असं म्हणू नये, गणितात बसतो पण लॅबची भूक गणितात बसत नाही. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांना बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये एक जनुकीय बदल सापडला, त्यामुळे त्यांना खाण्याची ओढ जास्त असते आणि वजनही जास्त भरतं, साधारण दर चार लॅबमागे एकात. आमचा त्या एकात असणार, टेस्टची गरज नाही.

आंब्यात व्हिटॅमिन आहेत म्हणून द्या असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, फायबर, सगळं आहे, पण क जीवनसत्त्व कुत्र्याचं शरीर स्वतःच तयार करतं, त्याला बाहेरून लागत नाही, आणि बाकीचं चांगल्या जेवणातून मिळतंच. आंबा हा लाड आहे, औषध नाही. लाड म्हणून द्या.

डायबेटिस असलेल्या कुत्र्याला नाही, पॅन्क्रियाजचा (स्वादुपिंडाचा) त्रास होऊन गेलेल्याला किंवा किडनीचं पथ्य चालू असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, वजन जास्त असेल तर एखादा तुकडा नावापुरता. अगदी लहान पिल्लाला पण घाई नको, त्याचं पोट आधी रोजच्या जेवणावर बसू दे.

आता खरी गंमत म्हणजे आपण आंबा नुसता कुठे खातो. आमरसात साखर असते, दूध असतं, वर जायफळ किसलेलं असतं आणि जायफळ कुत्र्यांना चांगलं नाही, चिमटीने काही बिघडत नसलं तरी पातेलं चाटायला दिलं की किती गेलं कळत नाही. साखर-जायफळ टाकायच्या आधी दोन चमचे रस बाजूला काढला तर तो चालेल. डब्यातला पल्प नको, त्यात बहुतेक वेळा साखर असते. आंबापोळी म्हणजे तर आटवलेली साखरच, आणि ती दाताला चिकटते. लोणचं, साखरआंबा, पन्हं, मीठ-तिखट लावलेली कैरी, काहीच नको, लोणच्यात मीठ, तेल, तिखट सगळंच घातक प्रमाणात. आम्रखंड नको. "शुगर फ्री" लिहिलेलं मँगो आइस्क्रीम किंवा जॅम असेल तर पाठीमागचं लेबल वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते घरात कुत्र्याच्या वासालाही पडू देऊ नका, थोडंसं पोटात गेलं तरी रक्तातली साखर धाडकन उतरते आणि लिव्हरवर जातं.

आणि सगळ्यात लपलेली गोष्ट, मनुका. आंब्याचा शिरा केला, त्यात बेदाणे घातले, उरलेला चमचाभर बंड्याला. किंवा फ्रूट सॅलड, आंबा, केळं, सफरचंद आणि द्राक्षं, वाटीतलं उरलेलं त्याच्या भांड्यात. द्राक्ष आणि मनुका-बेदाणे कुत्र्यांची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल ते कुत्र्यागणिक वेगळं, एकाला मूठभराने काही होत नाही, दुसरा थोडक्यात जातो. 2021 मध्ये अमेरिकेतली प्राण्यांच्या विषबाधेची हेल्पलाइन चालवणाऱ्या व्हेट लोकांनी लिहिलं की हे टार्टरिक ॲसिडमुळे होत असावं, कारण क्रीम ऑफ टार्टर (टार्टरिक ॲसिडपासूनचीच पावडर) घातलेला घरगुती प्ले-डो (मुलांचा खेळायचा मऊ गोळा) खाल्लेल्या कुत्र्यालाही तसाच त्रास झाला होता. आता टार्टरिक ॲसिड आपल्या स्वयंपाकघरात कशात भरभरून असतं? चिंचेत. चिंच पण त्याच यादीत. म्हणजे भेळेची चटणी, आमटीतला चिंचेचा कोळ, मुलांनी चोखून टाकलेली चिंचेची गोळी. आंब्याला घाबरणारे लोक चिंचगुळाची आमटी-भात कुत्र्याला बिनधास्त घालतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उन्हाळ्यात माझी आवडती पद्धत म्हणजे तुकडे स्टीलच्या ताटलीत सुटे सुटे ठेवून फ्रीजरला लावायचे, कडक झाले की डबीत भरायचे. दुपारी दोन काढले की बंड्या ते फरशीवर ढकलत ढकलत दहा मिनिटं खेळतो, चाटतो, मग खातो. एकदम दगडासारखे असतील तर दोन मिनिटं बाहेर ठेवून द्या, म्हाताऱ्या कुत्र्यांचे दात हलत असतात. चमचाभर साध्या बिनसाखरेच्या दह्यात पण देता येतो, दही पचत असेल तर.

एवढं करूनही कोय गिळली तर? घाबरायचं नाही असं नाही म्हणणार मी, थोडं घाबराच, पण हात शांत ठेवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उद्योग अजिबात करू नका, घरोघरी हा सल्ला मिळतो, मीठ जास्त झालं की तेच विष होतं, आणि कोय वर येताना अन्ननलिकेत अडकली तर अजून वाईट. तेल-तूप पाजून "सरकेल खाली" हा पण सल्ला मिळतो, तोही नको, आणि "उद्या शीतून पडेल" म्हणून वाट पण बघू नका. लगेच फोन. डॉक्टरांना चार गोष्टी सांगा, कुत्र्याचं वजन, किती वाजता गिळली, अख्खी की चावून तुकडे केलेली, आणि त्यानंतर काही खाल्लं-प्यायलं का. त्यांनी सांगेपर्यंत खायला काही देऊ नका, दुर्बिणीने काढायची झाली तर भूल द्यावी लागते आणि त्याला पोट रिकामं लागतं. गिळली की नाही खात्री नसेल तर पुढचे काही दिवस बघत राहा, वारंवार उलटी, जेवण बंद, शी न होणं किंवा नुसतंच कुंथणं, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून ताणल्यासारखं उभं राहणं. यातलं काही दिसलं की रात्र असली तरी निघा. तुमच्या भागात रात्री कोण उघडं असतं तो नंबर सीझन सुरू व्हायच्या आधी शोधून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, रात्री दीडला तो शोधत बसणं काय असतं ते मी केलंय.

आणि घर सांभाळलं तरी रस्ता राहतोच. मेच्या शेवटाला आणि जूनच्या पहिल्या पावसात कोपऱ्याकोपऱ्यावर कोयी पडलेल्या असतात, रसवाल्याच्या गाडीमागे ढीगच्या ढीग, रायवळाच्या झाडाखाली तर चिखलात रुतलेल्या. त्या दिवसांत मी बंड्याचा पट्टा आखूड धरते आणि खिशात काहीतरी वासाचं ठेवते, उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर. कारण त्याच्या तोंडात कोय दिसली की आपण किंचाळत त्याच्या मागे धावतो, आणि कुत्र्याच्या डोक्यात एकच येतं की हा माल आता हिसकावला जाणार, मग तो गिळून टाकतो, चावत पण नाही. ओरडायचं नाही, धावायचं नाही, तिथेच खाली बसायचं, चिकन नाकापाशी न्यायचं आणि साध्या आवाजात "सोड". हे घरी आधी चप्पल-बॉलवर महिनाभर करून घ्यावं लागतं, आयत्या वेळी होत नाही. कोय टाकली की आधी चिकन द्या, मग पायाने कोय लांब सरकवा, उलट क्रमाने केलंत तर पुढच्या वेळी तो सोडणार नाही.